कोरी घागर

त्या दिवशी सकाळी आबांनी चाकावरून घागर उतरवली, चाकाचं बटण बंद केलं, हात धुतले आणि चहा मागितला. माय चहा घेऊन आली तेव्हा ते भिंतीला टेकून बसले होते. ते गेले होते. तिने कप त्यांच्याजवळ ठेवला आणि शेजारी सांगायला गेली.

मी धुळ्याला होते. तिथे एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी काम करते. भावाचा फोन आला तेव्हा मी परत आलेली पुस्तकं रॅकवर लावत होते. फोन ठेवल्यावर हातातलं पुस्तक त्याच्या जागी लावलं, मग ट्रॉलीत उरलेलीही लावली. मग पर्स घेतली आणि स्टँडवर गेले. चाळीसगावची गाडी लागलेलीच होती. खिडकीची जागा मिळाली. रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या मी वाचत गेले. टायरची, बियाण्याची, पुन्हा टायरची. त्या प्रवासातलं मला एवढंच आठवतं.

आमचं गाव चाळीसगावच्या पुढे, गिरणेच्या काठाला आहे. मी पोचले तेव्हा अंगणात माणसं होती. बायकांमध्ये माय होती. कुणीतरी मला तिच्याजवळ बसवलं. माझ्या समोर शेड होती आणि शेडमध्ये फळीवर सकाळची घागर होती. ती अजून ओली होती. ओल्या मातीचा रंग आणि सुकल्या मातीचा रंग वेगळा असतो, ते मला लहानपणापासून माहीत आहे. आबांना उचललं तेव्हा सगळ्या बायका उठल्या. मीही उठले. घागर तशीच होती.

माझे वडील, आबा, कुंभार होते. त्यांचे वडीलही कुंभार होते. पूर्वी चाक काठीने फिरवायचं, नंतर विजेचं आलं. माती गिरणेच्या बाजूच्या एका गाळपेरीच्या शेतातून यायची. वर्षभर ते काही ना काही करत. पणत्या, पोळ्याचे बैल, चुली, उन्हाळ्यात माठ. पण आमच्या घराचं खरं काम म्हणजे आखाजीच्या घागरी.

अक्षय्य तृतीयेला आमच्या खान्देशात आखाजी म्हणतात. त्या दिवशी घरातून गेलेल्या माणसाच्या नावाने मातीची घागर पाण्याने भरतात. तिच्या तोंडावर लहान लोटा, लोट्यावर आंबा, शेजारी डांगर म्हणजे खरबूज आणि दोन सांजोऱ्या. विस्तवावर तूप आणि घास टाकून आगारी देतात. मग कुणाला तरी पितर म्हणून जेवू घालतात. गेलेल्या माणसांनाही वैशाखात तहान लागत असणार, एवढंच त्यामागे असावं. ज्या घरात त्या वर्षी कुणी गेलेलं असतं, तिथे तर घागर चुकत नाही.

गावातल्या बहुतेक घरांची घागर आबांच्या हातची असायची. लग्नाला अमक्याकडचा बँड आणि तमक्याकडचा मंडप हे बदलत गेलं. घागर बदलली नाही.

ती घागर कोरी लागते. कोरी म्हणजे तिला आधी पाणी लागलेलं नसावं. भट्टीतून काढल्यावर पहिलं पाणी पितराचं. हा नियम सगळ्यांना माहीत असतो, पण सगळ्यांना तो सारखाच अडत नाही. कुंभाराला तो अडतो, कारण भांडं गळतं की नाही हे पाणी भरल्याशिवाय नक्की कळत नाही. म्हणून आमच्याकडे काम वाटलेलं होतं. माठ माय तपासायची. भट्टीतून निघालेला प्रत्येक माठ ती हौदापाशी नेऊन काठोकाठ भरायची, ओट्यावर ठेवायची, थोड्या वेळाने उचलून खालची फरशी बघायची. घागरी आबा तपासायचे. ते घागर डाव्या हातावर घ्यायचे, उजव्या हाताचं बोट दुमडून पोटावर ठोकायचे आणि कान जवळ न्यायचे. कधी ठेवून द्यायचे, कधी बाजूला काढायचे. बाजूला काढलेली घागर कुंड्या करायला किंवा फोडून भट्टीवर झाकायला जायची. मायने घागरीला कधी हात लावला नाही असं नाही, गेरू तीच लावायची. पण तपासणं तिचं नव्हतं.

आमच्या गल्लीत एक म्हातारे शेतकरी आहेत. आम्ही त्यांना नाना म्हणतो. त्यांची आणि आबांची दर आखाजीला एकच भांडण व्हायचं.

"पानी टाकीसन देखाड ना भो," नाना म्हणायचे. "आन् गळनी तं?"

"गळनी तं दुसरी देस. पन पानी टाकीसन देखाडस नही. पहिलं पानी पितरनं, नाना. तुमनं मंग."

"मना बाप गळती घागरनं पानी पिई का मंग?"

"तुमना बाप कायम गळकाच माठनं पेयना. मना बापनी देयल व्हता तो."

मग दोघं हसायचे आणि नाना घागर काखेत धरून निघायचे. रस्त्यात ते थांबून स्वतः एकदा ठोकून बघायचे. आबांना ते दिसायचं.

सुतकात चाक फिरवायचं नसतं, भट्टी लावायची नसते. होळीनंतर आबांनी केलेल्या आखाजीच्या घागरी शेडमध्ये सुकत होत्या. शेवटच्या दिवशीची घागर फळीवर होती. घागर चाकावरून उतरली म्हणजे झाली असं नाही. ती थोडी सुकून आवळली की आतून दगडी गोटा धरून बाहेरून लाकडी थापटण्याने थापटत तिचं पोट गोल करायचं असतं, तेव्हा तिचा तळ पातळ होतो. त्यासाठी तिच्यावर ओलं फडकं टाकून ठेवतात. त्या दिवशी फडकं कुणी टाकलं नाही. तिसऱ्या दिवशी मी शेडमध्ये गेले तेव्हा तिला तळापासून गळ्यापर्यंत चीर गेली होती. मी ती तशीच ठेवून बाहेर आले. मायला सांगितलं नाही. मायनेही पाहिलं होतं.

द्वारदर्शनाला, म्हणजे दुखवट्याच्या भेटीला, लोक येत होते. पुरुष ओट्यावर बसायचे, बायका आत. बाहेर पुरुष केळीबद्दल, विजेबद्दल बोलत. ते मला बरं वाटायचं. आत बायका मायला विचारायच्या, कसं झालं, काही बोलले का. माय दर वेळी तेच सांगायची. चहा मागितला, एवढंच बोलले. वाक्य तेच असायचं, शब्दही तेच. मी शेजारी बसून ऐकायचे. मला रडू आलं नव्हतं. लोक माझ्याकडे बघायचे तेव्हा मी पदराकडे बघायचे.

वरच्या आळीची एक बाई निघता निघता दारात थांबली. तिचा सासरा माघात गेला होता. तिने शेडकडे पाहिलं. मग म्हणाली, "माय, आखाजीन्या घागरी व्हई गयत्या का?" आणि विचारून झाल्यावर तिने तोंडाला पदर लावला.

"सुकी ऱ्हायन्यात," माय म्हणाली.

ती बाई गेल्यावर माय तशीच दाराकडे बघत बसली. मग मला म्हणाली, "तुना बापनी बी लागी."

तोपर्यंत माझ्या ते लक्षात आलं नव्हतं. यंदा आमच्याही घरी घागर लागणार होती.

सुतक फिटलं, गंधमुक्तीचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले. भाऊ वरणगावला फॅक्टरीत कामाला आहे, माझ्यापेक्षा लहान. त्याची रजा संपत आली होती. संध्याकाळी जेवताना तो म्हणाला, "ताई, घागर चाळीसगावहून आणून टाकू. नाहीतर तू धुळ्याहून आण. आता ट्रक भरून माल येतो. नळाचेसुद्धा माठ येतात."

माय भाकरी थापत होती. तिचे हात थांबले नाहीत.

"त्यासनी घागर त्यासना हातनीच भरसूत," ती म्हणाली.

"भट्टी कोण लावणार माय?"

"तू."

"मला कुठे येते?"

"मंग शिक."

भाऊ माझ्याकडे बघून हसला. मी ताटात बघत होते. लहानपणी भट्टीच्या दिवशी त्याचं काम गोवऱ्या मोजून देण्याचं होतं आणि तो मोजण्यात नेहमी चुकायचा. आबा त्याला म्हणायचे, तू नोकरीच कर बाबा. त्याने नोकरी केली.

मायला एकच गोष्ट हवी होती. माणूस गेल्यापासून तिने दुसरं काही मागितलं नव्हतं. गंधमुक्तीला काय करायचं, कुणाला बोलवायचं, फोटो कुठला लावायचा, सगळ्याला ती "करा" म्हणाली होती. त्यामुळे आम्ही दोघांनी वाद घातला नाही. भावाने रजा वाढवली. मी धुळ्याला जाऊन आले आणि शनिवारी संध्याकाळी परत आले.

मी येण्याच्या आदल्या दिवशी पाऊस झाला होता. अवकाळी, वाऱ्यासकट. त्या भागात केळीच्या बागा आडव्या झाल्या. आमच्या शेडचा एक पत्रा उचलला गेला. भावाने आणि मायने घागरी पोत्यांनी झाकल्या होत्या, आत ओढल्या होत्या. त्या भिजल्या नाहीत. पण मातीचं भांडं हवेतली ओल घेतं, आणि ते बाहेरून दिसत नाही. आबांनी अशा पावसानंतर दोन-तीन दिवस ऊन दाखवल्याशिवाय भट्टी लावली नसती, असं नाना नंतर म्हणाले. तेव्हा म्हणाले नाहीत. तेव्हा तेही आमच्याबरोबर भट्टीसाठी पऱ्हाट्या आणून देत होते. आखाजी जवळ आली होती आणि गावातली माणसं रोज दारावरून जाताना शेडकडे बघत होती.

रविवारी सकाळी भट्टी रचली. भट्टी म्हणजे आमच्या परसातली गोल, उथळ जागा. तळाला गोवऱ्या, त्यावर पऱ्हाट्या म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्या, मग घागरी उपड्या, मध्ये पुन्हा गोवऱ्या, वर पाचट, त्यावर फुटक्या खापऱ्या आणि सगळ्यावर राखेचा थर. माय सांगत होती, भाऊ रचत होता, मी देत होते. माय सांगताना अडायची. "त्या आठे ठेवतस," म्हणायची, मग थांबायची, मग म्हणायची, "नही, तठे." काही गोष्टी तिने इतकी वर्षं पाहिल्या होत्या, पण रचल्या नव्हत्या.

शेजारच्या अक्का कुंपणापाशी उभ्या होत्या. त्यांनी मला हाक मारली.

"काय वं, पुस्तकंसमां बठ्ठं लिखेल ऱ्हास म्हंतस. भट्टी कशी लावानी ते लिखेल नही शे का?"

"असेल लिहिलेलं," मी म्हणाले. "आमच्याकडे ते पुस्तक नाही."

"मंग काय कामनी लायब्ररी," अक्का म्हणाल्या, आणि आत जाऊन चहा घेऊन आल्या.

दुपारी भावाने भट्टी पेटवली. पेटवताना तो मायकडे बघत होता. धूर आधी पांढरा, दाट निघाला. आबा धुराकडे बघायचे तेव्हा त्यांना काय दिसायचं ते मला माहीत नाही. आम्ही तिघं ओट्यावर बसलो. ऊन होतं. माय मध्येच उठून राख सरकलेली जागा फावड्याने झाकायची.

पहिला आवाज आला तेव्हा मला वाटलं पऱ्हाटी फुटली. बारीक, कोरडा आवाज. मायने मान वर केली नाही. मग दुसरा आला. मग थोड्या वेळाने लागोपाठ आले. भाऊ उठला.

"बठ," माय म्हणाली.

"ताई, राख काढून बघू?"

"हवा लागनी तं बठ्ठ्याच जातीन. बठ."

तो बसला. संध्याकाळपर्यंत आवाज येत राहिले, मग थांबले. एकदा थांबल्यावर माय आत गेली आणि तिने खिचडी टाकली. आम्ही जेवलो. भाऊ मोबाइलवर काहीतरी बघत होता आणि त्याचा आवाज त्याने बंद केला होता.

सकाळी भट्टी उघडली. वरच्या खापऱ्या काढल्या, राख सारली. माय खाली बसून एकेक घागर काढत होती. काहींचं पोट उडालं होतं, काहींचा तळ, काही नुसत्या गळ्याच्या कड्या होऊन पडल्या होत्या. काही अर्ध्या काळ्या पडल्या होत्या. चिरलेली घागर ती उजवीकडे ठेवत होती. डावीकडे काहीच नव्हतं. अंगणाच्या कडेला गावातली दोन-तीन माणसं येऊन उभी राहिली होती. नानाही होते.

मग मध्यातून एक अख्खी निघाली. लाल, एका बाजूला तळहाताएवढी काळी झाक. मायने ती पदराने पुसली. फिरवून बघितली. तळ बघितला, गळा बघितला. त्या घागरीच्या गळ्याखाली तीन रेघा होत्या. आबा ओल्या मातीवर तीन बोटं टेकवून एक फेरा घेत, त्यांच्या सगळ्या घागरींवर त्या रेघा असत.

भाऊ म्हणाला, "झालं माय. एक आहे."

नाना म्हणाले, "एकच लागस."

माय उठली. घागर दोन्ही हातांनी धरून ती चालत गेली. मला वाटलं ती आत देवापाशी ठेवायला जाते आहे. ती हौदापाशी गेली, वाकली आणि तिने घागर पाण्यात बुडवली. पाणी आत शिरताना मातीच्या नव्या भांड्यातून जो आवाज येतो तो आला. काठोकाठ भरून तिने घागर काढली, ओट्यावर ठेवली आणि ती हात पुसत शेजारी उभी राहिली. माठ तपासताना राहायची तशी.

नानांच्या तोंडून "अय" एवढंच निघालं.

मायने खाली वाकून घागर उचलली आणि फरशी बघितली. फरशी कोरडी होती. घागर गळत नव्हती. मग तिने आमच्याकडे बघितलं. आमच्या चेहऱ्यांवरून तिला कळलं की स्वतःहून, ते मला सांगता येणार नाही. ती घागर घेऊन तशीच उभी राहिली. घागर जड असणार. भावाने पुढे होऊन ती तिच्या हातातून घेतली आणि परत ओट्यावर ठेवली.

अक्का कुंपणावरून म्हणाल्या, "चालस वं. सुकाडी दे. कोन देखी ऱ्हायनं?"

"मी देखं ना," माय म्हणाली.

भाऊ म्हणाला, त्याला माहीत होतं की उपयोग नाही, तरी म्हणाला, "माय, आबांचीच आहे ना. आबांना कसलं आलंय."

"त्यासनी कोनले देयल शे का अशी?" मायने विचारलं.

आबांनी नानांनासुद्धा दिली नव्हती. नानांनी मान खाली घातली आणि ते घराकडे गेले. बाकीचीही गेली. त्यांना आपापल्या घागरी आता बाहेरून आणायच्या होत्या.

माय बराच वेळ हौदाच्या कठड्यावर बसली. मी तिच्यापाशी जाऊन बसले. तिच्या बोटांना राख होती, पाण्याने ती ओघळली होती. मला तेव्हा काही वाटत नव्हतं. फक्त तिच्या हातांकडे मी बघत होते. इतक्या वर्षांत त्या हातांनी भट्टीतून निघालेलं भांडं हातात आलं की हेच केलं होतं.

"बजारमाईन घागर लई ये," ती शेवटी म्हणाली. "कोरी देखीसन."

मी सोमवारी दुपारच्या गाडीने धुळ्याला आले. कामावर गेले. आखाजीच्या आदल्या दिवशी अर्धा दिवस रजा टाकली आणि पांझरेच्या पुलाकडे गेले. तिथे रस्त्याच्या कडेला माठ आणि घागरी मांडून बायका बसतात. मी आयुष्यात कधी मातीचं भांडं विकत घेतलं नव्हतं. कुठून सुरुवात करायची ते कळेना. एका बाईपुढे मी खाली बसले. तिच्यापुढे घागरी रचलेल्या होत्या. सगळ्या सारख्या, एकीच्याही गळ्याला रेघ नव्हती.

मी एक उचलून डाव्या हातावर घेतली आणि बोट दुमडून ठोकली. आवाज आला. तो चांगला की वाईट मला कळलं नाही. दुसरी घेतली. तिचा आवाज थोडा वेगळा होता. पुन्हा पहिली घेतली.

बाई बघत होती. "कुंभारनी पोर शे का तू?" तिने विचारलं. "तशीच ठोकी ऱ्हायनी."

मी दुसरीही पुन्हा उचलली.

"वर्सनी शे का, याच सालनी?"

"याच सालची."

"कोन?"

"वडील."

तिने मान हलवली. मग माझ्या हातातल्या दोन्ही घागरी काढून घेतल्या, मागच्या रांगेतून तिसरी काढली. "ही लई जाय. पानी भरीसन देखाडू का?"

"नको," मी म्हणाले.

माझा आवाज मोठा निघाला असावा. शेजारच्या बाईने वळून पाहिलं. माझ्यासमोरच्या बाईने घागर कागदात गुंडाळून दिली आणि वर एक लहान लोटा ठेवला.

गाडीत गर्दी होती. लेकी आखाजीला माहेरी निघाल्या होत्या. मी घागर मांडीवर घेऊन बसले. शेजारी बसलेली मुलगी, हातात नव्या बांगड्या, मेंदी, माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, तुम्ही पण माहेरी?" मी हो म्हणाले. ती म्हणाली, "आमच्याकडे झोका बांधलाय." पुढे बराच वेळ ती झोक्याबद्दल सांगत होती. मी ऐकत होते. रस्ता खराब लागला की मी घागर पोटाशी धरत होते.

आखाजीच्या दिवशी भावाने घागर भरली. गव्हाच्या राशीवर ठेवली, लोटा, आंबा, डांगर, सांजोऱ्या. सांजोऱ्या मायने केल्या होत्या, पुरणपोळ्या अक्कांनी आणून दिल्या. भावाने विस्तवावर तूप सोडलं. घरात पितर म्हणून जेवायला नानांना बोलावलं होतं. त्यांनी आमरस मागून घेतला. जेवून झाल्यावर ते म्हणाले, "सालं, भांडाले कोनी नही ऱ्हायनं." मग हात धुवून ते ओट्यावर जाऊन बसले.

ती घागर रिवाजाप्रमाणे नानांनाच दिली. तोवर मायने घागरीकडे नीट बघितलंही नव्हतं. नाना ती काखेत धरून निघाले. नेहमीच्या जागी ते थांबले. त्यांनी ठोकून बघितलं नाही. थांबले आणि पुढे गेले.

मायने पाणी भरलेली घागर भाऊ मला धुळ्याला घेऊन जा म्हणत होता. तुझ्याकडे जपून राहील, म्हणाला. मायने नकार दिला. "आठेच ऱ्हाऊ दे. भरेल शे ती." घागरीला एकदा पाणी लागलं की ती पाण्याचीच झाली, असं तिचं म्हणणं. तिने ती स्वयंपाकघरात माठाच्या जागी ठेवली, तिवईवर. जुना माठ तिने परसात झाडाखाली चिमण्यांसाठी मांडला.

मी पहिल्यांदा रडले ते त्यानंतर, सुट्टीत, जूनमध्ये. मोठं काही कारण नव्हतं. घागर धुवायला घेतली होती. आत हात घातला तर आतल्या बाजूला बोटांना खळगे लागले. थापटताना आतून धरलेल्या गोट्याचे ते ठसे, सगळीकडे, एकमेकांना लागून. बाहेरून घागर गुळगुळीत असते, ते आत हात घातल्याशिवाय कळत नाही. रडून झाल्यावर मी घागर विसळली आणि भरून ठेवली. मायने विचारलं, "आतमा घासनी का?" मी नाही म्हणाले. "घासू नको," ती म्हणाली.

आता वर्ष होत आलं आहे. चाक भावाने शेडच्या भिंतीला टेकवून ठेवलं आहे. शेडमध्ये त्याची मोटारसायकल असते, तो येतो तेव्हा. फळीवरची चिरलेली घागर मायने पावसाळ्यात अंगणात मातीत सोडून दिली. कच्ची माती होती, ती विरघळली. गावात घागरी आता चाळीसगावहून येतात. यंदा आमच्या घराची घागरही मीच धुळ्याहून आणणार आहे. त्या बाईची जागा मला माहीत आहे.

आबांच्या हातची एक घागर घरात आहे. माय ती रोज सकाळी भरते. ती गळत नाही. आम्ही तिच्यातलं पाणी पितो.